अक्कल कोणाची, फिकीर कोणाची

‘तुला अक्कल आहे का?’ हा प्रश्न लहानपणी मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्याला उत्तर द्यायचं असतं हे कधी लक्षातच आलं नाही. मान खाली घालायची, एवढंच त्याचं उत्तर. पुढे कॉलेजात असताना कळलं की अक्कल हा मूळचा अरबी ‘अक्ल’. आणि बगदादपासून कॉर्डोबापर्यंत काही शतकं लोक अत्यंत गंभीरपणे हाच प्रश्न विचारत होते. माणसाला अक्कल आहे का? असली तर ती त्याची स्वतःची आहे, की कुठून तरी उसनी आणलेली?

नुसती अक्कलच नाही. फिकीर म्हणजे ‘फिक्र’, विचार करणं. वहीम म्हणजे ‘वह्म’. ख्याल म्हणजे ‘खयाल’, गाण्यातलाही आणि ‘असले भलते ख्याल’ मधलाही. मिजास म्हणजे ‘मिझाज’, शरीरातल्या उष्ण-थंड-ओल्या-कोरड्या गुणांचं मिश्रण. तब्येत म्हणजे ‘तबीअत’, निसर्ग, स्वभाव. किराणा यादीतला जिन्नस म्हणजे ‘जिन्स’, तर्कशास्त्रातली जाती. ‘कसली इल्लत मागे लागली’ असं आपण म्हणतो ती इल्लत अरबी तत्त्वज्ञानात ‘कारण’ या अर्थाचा भारदस्त शब्द आहे. फारसीच्या वाटेने, बहामनी-निजामशाही-आदिलशाहीच्या कचेऱ्यांतून हे शब्द आले आणि मराठीने त्यांना माजघरात नेलं. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. मनाच्या आतला कारभार मात्र बराचसा जुन्याच शब्दांवर चालू राहिला.

म्हणून इब्न सीना, इब्न तुफैल आणि इब्न रुश्द वाचताना मला पाहुण्याच्या घरी गेल्यासारखं वाटत नाही. आपल्याच घरातली भांडी दुसऱ्याच्या फडताळात दिसावीत तसं वाटतं. भांडी तीच, पण त्यात शिजतंय काही वेगळं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या लोकांबद्दल फोनवर जे फिरतं ते बहुतेक ‘सर्वात आधी कोणी केलं’ या स्पर्धेचं असतं. देकार्तच्या सहाशे वर्षं आधी इब्न सीनाने असं म्हटलं, रॉबिन्सन क्रूसोच्या आधी इब्न तुफैलने तसं लिहिलं. यात तथ्य आहे, पण अशा वाचनात माणूस मरतो. तो नंतरच्या कोणाची तरी रंगीत तालीम होऊन बसतो. मला त्यांना शर्यतीत पळवायचं नाहीये. त्यांच्यातलं भांडण ऐकायचंय.

*

फाराबीचं अक्कल या विषयावर एक छोटं पुस्तक आहे. त्यात तो ‘अक्ल’चे सहा अर्थ सांगतो, आणि सुरुवात कुठून करतो, तर सामान्य लोक एखाद्याला ‘अक्कलवाला’ म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं इथून. दहाव्या शतकातला हा माणूस बाजारातल्या बोलीतून सुरुवात करून थेट ग्रहगोल फिरवणाऱ्या बुद्धीपर्यंत जातो. ही चढण मला फार आवडते. आपल्याकडे तत्त्वज्ञानाचे लेख बहुतेक वरूनच सुरू होतात आणि तिथेच राहतात.

फाराबीचंच दुसरं एक पुस्तक इब्न सीनाच्या आयुष्यात आलं त्याची हकिकत प्रसिद्ध आहे, त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलेली. बुखाराजवळ ९८० च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा विलक्षण हुशार, आणि हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. अ‍ॅरिस्टॉटलचं ‘मेटाफिजिक्स’ त्याने चाळीस वेळा वाचलं. पाठ झालं, कळलं नाही. मग एकदा पुस्तकबाजारात एक दलाल एक पुस्तक गळ्यात मारायला लागला. याने झिडकारलं. दलाल म्हणाला, घ्या, मालकाला पैशाची नड आहे, तीन दिरहमला देतो. ते फाराबीचं पुस्तक निघालं, ‘मेटाफिजिक्स’चा हेतू सांगणारं. घरी जाऊन वाचलं आणि सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी त्याने गरिबांना दान केलं.

चाळीस पारायणं एकट्याने, आणि कळायला तीन दिरहमचं दुसऱ्या कोणाचं तरी पुस्तक. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इब्न सीनाने माणसाच्या आतल्या इंद्रियांचा जो नकाशा काढला, त्यातल्या एकाचं नाव ‘वह्म’. त्याचं उदाहरण मेंढीचं आहे. मेंढीला लांडगा दिसतो. डोळ्यांना रंग दिसतो, आकार दिसतो, पण वैर दिसत नाही. वैराला रंग नसतो. तरी मेंढी पळते. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही पण दिसणाऱ्या वस्तूत असतं, ते पकडणारी एक शक्ती तिच्यात आहे. ती वह्म. आता मराठीतला वहीम आठवा. ‘माझा त्याच्यावर वहीम आहे.’ पुरावा काही नाही, पण त्याच्याकडे बघून काहीतरी जाणवतंय. हजार वर्षं आणि हजारो मैल पार करून हा शब्द आला, आणि मेंढीची ती थरथर त्याच्यात अजून शिल्लक आहे. शब्दकोशात हे सापडत नाही, इब्न सीना वाचल्यावर सापडतं.

या शक्तींना त्याने मेंदूत जागाही नेमून दिल्या. पुढच्या कप्प्यात खयाल, जो पाहिलेल्याची चित्रं सांभाळतो. मधल्यात ती शक्ती जी चित्रं जोडते-तोडते. माणसात ती अक्कलेच्या ताब्यात असली की तिला विचारशक्ती म्हणायचं, फिक्रशी नातं सांगणारी. तिथेच जवळ वह्म. मागच्या कप्प्यात स्मृती. वैद्य होता तो. डोक्याला मार लागलेली माणसं त्याने पाहिली असणार. हे सगळं शरीराबरोबर बिघडतं आणि शरीराबरोबर संपतं, हे त्याला मान्य होतं. फक्त अक्ल त्याने मेंदूत ठेवली नाही. ती कुठेच ठेवली नाही. तिला जागा लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

*

इथे ती गोष्ट येते. तत्त्वज्ञानाच्या इतिहासातली ही बहुधा सर्वात लहान गोष्ट असेल. ‘शिफा’ या त्याच्या अवाढव्य ग्रंथातल्या आत्म्यावरच्या भागात ती आहे, दोनदा.

कल्पना करा, एक माणूस एका क्षणात पूर्ण वाढलेला निर्माण झालाय. बाळपण नाही, आठवण नाही. तो हवेत तरंगतोय, पण हवेचा स्पर्शही त्याला जाणवत नाही. डोळे झाकलेले. हात-पाय एकमेकांपासून लांब, कशालाच न टेकलेले. त्याला आपल्याला शरीर आहे हे कळायचा काही मार्ग नाही. तरी ‘मी आहे’ हे त्याला कळेल का?

इब्न सीना म्हणतो, कळेल. लांबी, रुंदी, खोली नसलेला ‘मी’ त्याला कळेल. अशा स्थितीत त्याने हाताची कल्पना केली, तरी तो हात स्वतःचा भाग म्हणून त्याला सुचणार नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी रात्री अंथरुणात हातपाय पसरून डोळे मिटून पडून पाहिलं होतं. जमत नाही. पाठीला गादी लागते, पंख्याचा वारा लागतो. पण तो करून बघण्याचा प्रयोग नाहीच. तो स्वतः याला सिद्धता म्हणत नाही, इशारा म्हणतो, ज्याला बघता येतं त्याच्यासाठी.

आणि सिद्धता म्हणून घेतलं तर त्यात भोक आहेच. शेजारच्या वाड्यात रोज रात्री कोणीतरी पेटी वाजवतं. मला तो ‘पेटीवाला’ म्हणून ठाऊक आहे. तो बँकेत कॅशियर आहे हे मला ठाऊक नाही. म्हणून पेटीवाला आणि कॅशियर दोन वेगळी माणसं होतात का? शरीर ठाऊक नसताना ‘मी’ ठाऊक असू शकतो, एवढ्यावरून ‘मी’ शरीराशिवाय असतो हे निघत नाही. ही उडी त्याने इतक्या सहज मारली आहे की वाचताना आपणही मागोमाग उडतो आणि मग खाली बघतो. गझालीने १०९५ मध्ये तत्त्वज्ञांवर जो हल्ला चढवला, ‘तहाफुत’ नावाचा, त्यातल्या वीस चर्चांपैकी एक याच मुद्द्यावर आहे. आत्मा शरीराहून वेगळा आहे हे गझालीला नाकारायचं नाही. निव्वळ तर्काने ते सिद्ध करता येत नाही, एवढंच त्याला दाखवायचंय.

तरीही मी त्या तरंगत्या माणसाला सोडू शकत नाही. याचं कारण माझी आजी आहे.

शेवटची दोन वर्षं आजीची स्मृती गेली होती. आधी नातवंडांची नावं गेली, मग मुलांची, मग स्वतःचं. ‘तुझं नाव काय गं?’ असं विचारलं तर ती दुसऱ्याच कोणाकडे तरी बघायची, जणू प्रश्न त्याला आहे. पण भाताचा घास पुढे केला की म्हणायची, ‘मला नको.’ ती कोण हे तिला माहीत नव्हतं. ‘मला’ मात्र कधी चुकलं नाही. त्या घासाला कधी ती ‘तिला नको’ म्हणाली नाही.

इब्न सीनाने ‘इशारात’ या उशिरा लिहिलेल्या पुस्तकात तोच मुद्दा पुन्हा घेतलाय. तिथे तो म्हणतो की झोपलेला माणूस झोपेत आणि झिंगलेला माणूस नशेत असतानासुद्धा स्वतःपासून दूर गेलेला नसतो. नंतर त्याला ते आठवत नाही, ही गोष्ट वेगळी. स्वतःचं भान आणि त्या भानाची आठवण या दोन गोष्टी आहेत. हे वाक्य तर्क म्हणून किती टिकेल मला सांगता येणार नाही. पण निरीक्षण म्हणून मी ते आमच्या घरातल्या खाटेवर पाहिलं आहे.

*

इब्न सीनाचं अक्कलेबद्दलचं मत मात्र याच्या उलट्या दिशेने जातं, आणि लोक ते सहसा सांगत नाहीत. ‘मी’ माझा आहे, पण माझं ज्ञान माझ्यात साठत नाही! स्मृतीच्या कप्प्यात चित्रं राहतात, लांडग्याचं वैर राहतं. पण ‘त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन’ हे ज्ञान मेंदूत ठेवता येत नाही, कारण त्याला आकार नाही. मग मी ते विचारात घेत नसतो तेव्हा ते असतं कुठे? वर, एका सदैव जाग्या असलेल्या बुद्धीत, जिला तो ‘अक्ल फआल’, कर्तृत्ववान बुद्धी म्हणतो. शिकणं म्हणजे तिच्याशी जोडलं जाण्याची सवय लागणं. तुमच्या भाषेत सांगायचं तर गाणं डाउनलोड झालेलं नाही, दर वेळी स्ट्रीम होतंय. शिकलेल्या माणसाचं नेटवर्क चांगलं, एवढंच. उपमा ताणू नका, त्या बुद्धीला कोणी वर्गणी मागत नाही.

शिकण्याच्या पायऱ्या सांगताना त्याने लिहिण्याचं उदाहरण दिलंय. एक तान्हं मूल, ज्याला पुढे लिहिता येईल. एक पोरगा, ज्याला बोरू, दौत आणि अक्षरं कळलीत. आणि एक मुरलेला लेखनिक, जो आत्ता लिहीत नाहीये पण मनात आलं की लिहील. तिघांनाही ‘याला लिहिता येऊ शकतं’ हे लागू आहे, तीन निराळ्या अर्थांनी. इतकं साधं उदाहरण, पण ‘पोटेन्शियल’ हा शब्द उठसूट वापरणाऱ्या आपल्या काळाने ते वाचायला हवं.

*

आता ज्या पुस्तकावर माझं सर्वात जास्त प्रेम आणि सर्वात जास्त राग आहे, तिकडे वळतो. ‘हय्य इब्न यक्झान’. नावाचा अर्थ ‘जिवंत, जागृताचा मुलगा’. नाव मूळचं इब्न सीनाचं. फरदजानच्या किल्ल्यात कैदेत असताना त्याने या नावाची एक रूपककथा लिहिली होती. अंदलुसियातल्या इब्न तुफैलने बाराव्या शतकात ते नाव उचललं आणि वेगळीच गोष्ट लिहिली. तो अल्मोहाद खलिफा अबू याकूब यूसुफचा वैद्य होता, ११८५ मध्ये मराकेशला वारला. १६७१ मध्ये ऑक्सफर्डला या पुस्तकाचा लॅटिन अनुवाद छापला गेला, ‘स्वयंशिक्षित तत्त्वज्ञ’ अशा अर्थाच्या नावाने, आणि युरोपभर गेला. मी ते लेन गुडमनच्या इंग्रजी अनुवादातून वाचलं.

विषुववृत्ताखालच्या, हिंदुस्थानच्या बेटांपैकी एका निर्मनुष्य बेटावर एक मूल आहे. ते मातीतून आपोआप जन्मलं म्हणा, की एका राजाच्या बहिणीने भीतीपोटी पेटीत घालून समुद्रात सोडलं म्हणा. लेखक दोन्ही हकिकती देतो. एक हरिणी त्याला दूध पाजून वाढवते. तो प्राण्यांचे आवाज काढायला शिकतो. इतरांना शिंगं आहेत, आपल्याला नाहीत, याचं त्याला वाईट वाटतं. पानं गुंडाळून लाज झाकतो. सातेक वर्षांचा होतो.

आणि हरिणी म्हातारी होऊन मरते.

तो तिला हाक मारतो, ती हलत नाही. कान बघतो, डोळे बघतो. कुठे इजा नाही. मग विचार करतो, बिघाड आत कुठे तरी असणार, छातीत, कारण स्वतःच्या छातीत काहीतरी धडधडतं हे त्याला ठाऊक आहे. तो बिघाड काढला की ती उठेल. दगडाच्या आणि वेताच्या धारदार तुकड्यांनी तो आईची छाती चिरतो. हृदय सापडतं. दोन कप्पे. एकात गोठलेलं रक्त, दुसरा रिकामा. आणि त्या रिकाम्या कप्प्याकडे बघताना त्याच्या ध्यानात येतं, की जी मला हाक देत होती ती इथे राहत होती आणि ती निघून गेलीय. हे जे पडलंय ते तिचं हत्यार होतं. देहाला वास यायला लागतो. दोन कावळे भांडतात, एक दुसऱ्याला मारतो, मग माती उकरून पुरतो. तेव्हा त्याला कळतं की काय करायचं.

आत्म्याबद्दल इतकी पानं वाचली, पण आत्मा म्हणजे काय हा प्रश्न मुळात कुठून येतो हे या दोन-तीन पानांइतकं कोणी दाखवलेलं मला माहीत नाही. तो आश्चर्यातून येत नाही, आई उठत नाही यातून येतो. आणि त्याची पहिली कृती प्रार्थना नाही, शस्त्रक्रिया आहे. लिहिणारा वैद्य होता हे प्रत्येक ओळीत दिसतं.

त्यानंतर मात्र पुस्तक मला हळूहळू दूर लोटतं. हय्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोठा होतो. आग शोधतो, जिवंत प्राणी बांधून चिरतो आणि हृदयातली ऊब बोटाने तपासतो (आईसाठी चिरणारा मुलगा आता कुतूहलासाठी चिरतोय, लेखकाला यात काही खटकत नाही, मला खटकतं). मग वस्तूंच्या जाती, मग द्रव्य आणि रूप, मग आकाश, मग आद्य कारण. एकट्या पोराने सगळा अ‍ॅरिस्टॉटल आणि वरून इब्न सीना, बरोबर क्रमाने, एकही चूक न करता पुन्हा शोधून काढला. बेट निर्मनुष्य आहे खरं, पण लेखकाने आपलं ग्रंथालय रात्रीतून तिथे उतरवून ठेवलंय.

सर्वात मोठी अडचण भाषेची. हय्यला भाषाच नाही. पन्नाशीला येईपर्यंत तो एक शब्दही बोललेला नाही. तरी तो ‘आवश्यक अस्तित्व’ आणि ‘संभाव्य अस्तित्व’ यांत फरक करतो! शेजारच्या बेटावरून अब्साल नावाचा भक्त एकांतासाठी येतो, वस्तूंकडे बोट दाखवत नावं शिकवतो, आणि मग कळतं की हय्यला सगळं आधीच ठाऊक होतं, फक्त शब्द नव्हते. जणू भाषा म्हणजे तयार मालाला चिकटवायची लेबलं.

इब्न तुफैलला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. त्याची प्रस्तावना वाचा. ती उत्तम समीक्षा आहे. तो तिथे फाराबीला पकडतो की दुष्टांच्या आत्म्याचं मरणानंतर काय होतं याबद्दल याची दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात, आणि तिसऱ्यात तर हा परलोकाला म्हाताऱ्या बायकांच्या गप्पा म्हणतो. तिथेच जन्मांध माणसाचा दाखला आहे. तो शहरातले रस्ते, माणसं, अगदी रंगांची वर्णनंसुद्धा ऐकून शिकलेला आहे. एक दिवस दृष्टी येते. शहर त्याला वेगळं दिसत नाही, जे ऐकलं तेच दिसतं. फक्त लख्ख, आणि आनंद होतो. म्हणजे तर्काने मिळालेलं आणि अनुभवाने मिळालेलं ज्ञान यांत मजकुराचा फरक नाही. सुंदर दाखला. पण त्या आंधळ्याला रस्ते शिकवणारे लोक होते की! हय्यला कोणी नव्हतं.

शेवट प्रामाणिक आहे. हय्यला अब्सालचा धर्म ऐकून दोन शंका येतात. प्रेषिताने सत्य सरळ न सांगता दृष्टान्तांत का सांगितलं? आणि माणसांना धनसंचयाची मुभा का दिली? मालमत्ता, चोरी, चोरीची शिक्षा हे सगळं त्याला अर्थशून्य वाटतं. तो त्या बेटावरच्या लोकांना शहाणं करायला जातो. ते ऐकतात, मग तोंड फिरवतात. हय्य समजतो, त्यांच्या पुढाऱ्याची, सलामानची माफी मागतो, तुमचं चाललंय तेच बरं म्हणतो आणि अब्सालला घेऊन आपल्या बेटावर परततो. बरेच वाचक याला सहिष्णुता म्हणतात. मला ती हार दिसते, आणि हरण्याला दिलेलं थोडं उर्मट स्पष्टीकरण दिसतं: लोकांना अक्कल नाही. माझ्या लहानपणीचं तेच वाक्य. पण हरलेला माणूस दाखवायला धाडस लागतं, आणि पट्टशिष्य विजयी करून दाखवणाऱ्या शंभर पुस्तकांपेक्षा हे मला जवळचं आहे.

*

गंमत अशी की ज्याने एकट्याने विचार करणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली, त्यानेच एका तरुणाला हाताला धरून दरबारात नेलं. तो तरुण इब्न रुश्द, कॉर्डोबाचा, जन्म ११२६. खलिफाने पहिलाच प्रश्न टाकला: आकाशाबद्दल तत्त्वज्ञांचं काय म्हणणं, ते अनादी आहे की निर्माण झालेलं? इब्न रुश्द घाबरला. असल्या प्रश्नाच्या उत्तराने माणूस गोत्यात येऊ शकतो. मी तत्त्वज्ञान वाचत नाही, असं म्हणून मोकळा झाला. मग खलिफाच इब्न तुफैलशी त्या विषयावर बोलायला लागला, तयारीने, आणि हळूहळू याची भीड चेपली. पुढे खलिफाची तक्रार, की अ‍ॅरिस्टॉटल कळत नाही, कोणीतरी उलगडून सांगायला हवा, इब्न तुफैलनेच त्याच्या कानावर घातली. माझं वय झालं, तू कर, म्हणाला. त्यातून ती भाष्यं आली, ज्यांवर युरोपातली विद्यापीठं पोसली गेली.

त्यातलं आत्म्यावरचं मोठं भाष्य मूळ अरबीत जवळजवळ हरवलंय, लॅटिनमध्ये उरलंय. त्यातला सिद्धान्त ऐकून आजही कोणी दचकेल: सगळ्या माणसांची ग्रहण करणारी बुद्धी एकच आहे. अक्कल तुमची नाही, माझी नाही. मानवजातीला मिळून एक.

वेडेपणा वाटतो, पण त्याची कारणं बघा. मला कळलेला पायथागोरस आणि तुम्हाला कळलेला पायथागोरस दोन असतील, तर ‘आपल्याला एकच गोष्ट कळली’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आणि मास्तर पोराला शिकवतो तेव्हा काय होतं? ज्ञान काही एका दिव्याने दुसरा दिवा पेटवावा तसं जात नाही, तिथे ज्योती दोन होतात. शिकवून झाल्यावर मास्तरला आणि पोराला जे कळलेलं असतं ते एकच असतं. माणसाची जात सदैव आहे, म्हणून कुठे ना कुठे कोणी ना कोणी विचार करत असतोच, आणि त्या एका बुद्धीला कधी खंड पडत नाही. तीन दिरहमच्या पुस्तकाची हकिकत इथे आठवते. हय्यच्या बेटाला याहून चोख उत्तर दुसरं नाही, आणि ते हय्यच्या लेखकानेच उभं केलेल्या माणसाने दिलंय.

इब्न सीनावरची त्याची टीकाही अचूक आहे. दहा कपांतला चहा दहा ठिकाणी असतो तो कपांमुळे. कप काढून घेतले तर ‘दहा चहा’ म्हणण्यात काय अर्थ? देह गेल्यावर आत्मे अनेक कसे राहतील? ‘तहाफुत अल-तहाफुत’मध्ये त्याने उजेडाची उपमा दिलीय: ज्या वस्तूंवर पडतो त्यांच्यामुळे तो वाटला जातो, त्या नाहीशा झाल्या की एक होतो. इब्न सीनाचं उत्तर असं, की एकदा कपात पडलेल्या चहाला त्या कपाची आठवण राहते. एका देहात, एका काळात राहिलेला आत्मा तो इतिहास घेऊनच पुढे जातो. पुनर्जन्म त्याने याच वाटेने नाकारला. प्रत्येक देहाचा मिझाज आपल्यापुरता आत्मा मागून घेतो. त्यात बाहेरून जुना एक शिरला तर एका देहात दोन होतील, आणि आपण तर स्वतःला एकच म्हणून ओळखतो.

पॅरिसमध्ये या सिद्धान्ताने कहर केला. १२७० मध्ये तिथल्या बिशपने तेरा विधानं निषिद्ध ठरवली. त्यातलं पहिलं, सगळ्या माणसांची बुद्धी एकच आहे. दुसरं, ‘माणूस विचार करतो’ हे वाक्य चूक किंवा अयोग्य आहे. त्याच सुमाराला थॉमस अ‍ॅक्वायनसने इब्न रुश्दच्या अनुयायांविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्यातला भिंतीचा दाखला विसरता येत नाही. तुम्ही म्हणता, विचार ती एक बुद्धी करते आणि माझ्या डोक्यातली चित्रं तिला विषय पुरवतात. मग मी भिंतीसारखा झालो. भिंतीचा रंग कोणीतरी बघतं. म्हणून भिंत बघते का?

मी बराच काळ अ‍ॅक्वायनसच्या बाजूने होतो. ‘हा माणूस विचार करतो’ हे सोडायचं तर मग चुकीची जबाबदारी कोणाची? ज्याची अक्कलच नाही त्याच्यावर ‘तुला अक्कल आहे का’ म्हणून ओरडायचं कसं? पण त्याच भाष्यात एक जागा आहे जिच्याकडे मी आधी लक्ष दिलं नव्हतं. अक्ल एक असली, तरी इब्न रुश्द माणसाकडे त्याची स्वतःची एक शक्ती ठेवतो. ती मेंदूच्या मधल्या कप्प्यात आहे, देहाची आहे, देहाबरोबर मरते, जनावरांत नसते. समोरच्या या एका गोष्टीचा अर्थ लावणारी शक्ती, ‘त्रिकोण’ नव्हे तर ‘हे दार’, ‘हा मुलगा’. तिचं नातं फिक्रशी. आपली फिकीर.

म्हणजे त्याच्या हिशेबाने अक्कल सगळ्यांची मिळून आहे आणि फिकीर ज्याची त्याची. मराठीने फिक्र घेतला आणि त्याचा विचार हा अर्थ टाकून काळजी एवढाच ठेवला, तेव्हा तिने इब्न रुश्द वाचला नव्हता. पण भिंतीला फिकीर नसते, आणि अ‍ॅक्वायनसच्या दाखल्यात हेच निसटलंय असं मला आता वाटतं.

तो ११९८ मध्ये मराकेशला वारला. त्याआधी तीन वर्षं त्याला हद्दपारी भोगावी लागली होती, पुस्तकं जाळली गेली होती. शव कॉर्डोबाला नेलं तेव्हा जनावराच्या पाठीवर एका बाजूला शव आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला त्याचीच पुस्तकं लादली होती, असं ते पाहणाऱ्या इब्न अरबीने लिहून ठेवलंय.

आजीच्या बाबतीत कोणाचं खरं, मला ठरवता येत नाही. ‘मला नको’ ऐकताना इब्न सीना पटायचा. पण तिची एक दुसरीही सवय होती. दिवेलागणीला ती अस्वस्थ व्हायची आणि विचारायची, ‘पोरं आली का सगळी? कडी लावली का?’ कुठली पोरं हे तिला सांगता यायचं नाही. तिची पोरं साठीला आली होती. ‘लावली’ म्हटलं की शांत व्हायची, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायची. नावं गेली, चेहरे गेले, फिकीर शेवटपर्यंत टिकली, आणि इब्न रुश्दच्या मते तर तीच सर्वात आधी मातीत जाणारी.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पांगल्यावर आईने दाराची कडी लावली आणि सवयीने आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, ‘लावली हं.’